ह, लिं, ति, मो

“डोळ्यांनी फरशी निवडणारा माणूस आणि चेहरा बघून सर्जन निवडणारा माणूस, दोघंही शेवटी आडवेच होतात,” असं प्राध्यापक श्यामसुंदर आगटे यांनी जाहीर केलं.

हे वाक्य उच्चारताना ते स्वतः एका पायावर उभे होते. दुसऱ्या पायातली चप्पल संभाजी गवंड्यानं नुकत्याच कालवलेल्या सिमेंटच्या मालात रुतली होती आणि पाय तेवढा बाहेर आला होता.

“सर, आडवं व्हायच्या आधी चप्पल काढून घ्या,” संभाजी म्हणाला. “माल सुकला की ती तिथलीच झाली.”

कर्वेनगरातल्या मृणाल सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, आगट्यांचं स्वयंपाकघर उखडून ठेवलं होतं. गॅस हॉलमध्ये टीव्हीशेजारी आला होता. त्यामुळे बातम्यांकडे बघितलं की पोळी करपायची आणि पोळीकडे बघितलं की बातम्या. फ्रीज बेडरूममध्ये श्यामसुंदररावांच्या उशाशी उभा राहून रात्रभर कण्हायचा. हे सगळं वासंतीबाई मुकाट्यानं सोसत होत्या, कारण त्यांना एक वचन मिळालं होतं. या वेळी फरशी त्यांनी निवडायची.

मागच्या वेळी, म्हणजे फ्लॅट घेतला तेव्हा, फरशी श्यामसुंदररावांनी निवडली होती. पांढरीशुभ्र. पांढरा रंग प्रकाश परावर्तित करतो, हे त्यांचं कारण. प्रकाशाबरोबर तो आमटीचे थेंब, चहाचे ओघळ आणि कणकेची बोटंही परावर्तित करतो, हे वासंतीबाईंना गृहप्रवेशाच्या दिवशीच कळलं. तेव्हापासून त्या जी फरशी पुसत होत्या, ती परवा संभाजीनं घण घालून फोडली. पहिला घाव बसला तेव्हा वासंतीबाईंनी डोळे मिटून घेतले होते. कुणाला वाटलं दुःखानं.

कात्रजच्या रस्त्याला अकबरभाई शिकलगारांचं फरशांचं दुकान आहे. तिथं पाऊल टाकल्याटाकल्या वासंतीबाईंनी एका विटकरी फरशीवर बोट ठेवलं होतं. “ही.”

श्यामसुंदररावांच्या डोक्यावरचं हेल्मेटही अजून निघालं नव्हतं. “ही म्हणजे? वासंती, हा निर्णय आहे. निर्णयाला पुरावा लागतो.”

“मला हवी आहे. हा पुरावा.”

“याला आवड म्हणतात. अकबरभाई, चार प्रकारचे नमुने द्या. घरी नेऊन प्रयोग करतो. जी डाग धरणार नाही ती घेऊ. मग ती कोणाचीही असो.” हे ‘कोणाचीही’ म्हणताना त्यांची नजर एका हस्तिदंती फरशीवर खिळली होती. हस्तिदंती म्हणजे पांढऱ्याचीच सख्खी बहीण.

अकबरभाईंनी नमुने कागदात गुंडाळता गुंडाळता वासंतीबाईंकडे सहानुभूतीनं पाहिलं. “न्या सर. फरशीवर लोक चालतात, तुम्ही तिची परीक्षा घ्या. फक्त परवा संध्याकाळी मी तुमच्याच बाजूला येतोय, तेव्हा परत घेऊन जाईन. दुसरं गिऱ्हाईक यायचं आहे. जशा नेल्या तशा असाव्यात.”

तो परवाचा दिवस आज उजाडला होता, आणि संभाजीनं सकाळीच बजावलं होतं. “सर, आज संध्याकाळपर्यंत फरशी ठरवा. नाहीतर उद्या मी वारज्याच्या साइटवर जाणार. तिथून परत कधी येईन, ते मलाही सांगता येत नाही.”

ज्यांच्या घरातून गवंडी एकदा ‘दुसऱ्या साइटवर’ गेला आहे, त्यांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगायला नको. वासंतीबाईंनी हातातला झारा खाली ठेवला.

“अहो, ठरवा हो. विटकरी म्हणा आणि मोकळे व्हा.”

“प्रयोग झाल्याशिवाय नाही.” श्यामसुंदररावांनी उभी हयात रसायनशास्त्र शिकवलं होतं. प्रयोग म्हटलं की त्यांच्या अंगात यायचं. अर्थात हा शब्दप्रयोग त्यांच्यासमोर कुणी केला असता, तर ‘अंगात येणं’ या विषयावर त्याला तासभर ऐकून घ्यावं लागलं असतं. सोसायटीत त्यांची ख्यातीच ती होती. नवी लिफ्ट बसली तेव्हा समोरच्या फ्लॅटमधल्या उल्काताईंनी तिच्या दाराला लिंबू-मिरची बांधली होती. श्यामसुंदररावांनी ती सोडून काढली आणि तिथं चिठ्ठी चिकटवली: ‘लिफ्ट विजेवर चालते, लिंबावर नाही.’ ते लिंबू वासंतीबाईंनी सरबताला वापरलं, असं उल्काताई आजही सांगतात. तेव्हापासून दोन्ही घरांत फक्त ‘नमस्कार’ उरला होता, आणि तोही हात न जोडता.

तर प्रयोग. घरभर धूळ, म्हणून श्यामसुंदररावांनी चारही फरशा बाहेर, दोन दारांमधल्या पॅसेजमध्ये मांडल्या. उजेड उल्काताईंच्या दाराशी चांगला होता, म्हणून तिथं. उल्काताई पहाटेच खराडीला बहिणीकडे गेल्या होत्या, त्यांचे यजमान मोरेश्वरराव आत झोपले होते. हस्तिदंती फरशीवर सकाळी संभाजीनं चुकून सिमेंटची थापी टेकवली होती. ती श्यामसुंदररावांनी कोरड्या फडक्यानं पुसून घेतली.

प्रत्येक फरशीच्या एका कोपऱ्यात त्यांनी ओली हळद लावली आणि ती वाळू नये म्हणून वर स्टीलची वाटी पालथी घातली. दुसऱ्या कोपऱ्यात अर्धं लिंबू चिरून उपडं ठेवलं. तिसऱ्यात तिखटाचा ढीग. चौथ्यात मूठभर मोहरी, कारण सांडलेली मोहरी दिसते की नाही, हाही एक मुद्दा होता. घोळ नको म्हणून प्रत्येक कोपऱ्यात खडूनं आद्याक्षरं लिहिली: ह, लिं, ति, मो. मग थोडं मागं सरून, मान तिरकी करून त्यांनी ही सगळी मांडणी पाहिली. इतकं देखणं काम निवृत्तीनंतर त्यांच्या हातून झालं नव्हतं.

“घरातली सगळी लिंबं संपवलीत,” वासंतीबाई म्हणाल्या.

“विज्ञानाला किंमत मोजावी लागते,” असं म्हणून श्यामसुंदरराव जेवले आणि झोपले.

ते फोनच्या टुणटुण आवाजानं उठले. सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला होता आणि खाली खराडीहून परतलेल्या उल्काताईंचा मजकूर: ‘माझ्या दारात कोणीतरी करणी केली आहे. आमचे हे सकाळपासून शिंकत आहेत. सर्वांनी वर या.’

चष्मा हाताशी नव्हता, फ्रीजवर होता. फोटोत काही चौकोन, काही पिवळं, काही तांबडं, लिंबं, आणि देवनागरीत काहीतरी मंत्रबिंत्र दिसत होतं. श्यामसुंदररावांच्या मस्तकात तिडीक गेली. इतक्या वर्षांच्या प्रबोधनानंतर, आपल्याच मजल्यावर, आपल्याच नाकासमोर. त्यांनी आडव्या अंगानं, एका बोटानं, एका दमात लिहिलं:

‘ज्या कोणी हा प्रकार केला आहे, त्याला मेंदू नाही, आणि असलाच तर तो वापरात नाही. त्या माणसाला शोधून माझ्यासमोर उभं करा. मी त्याला सर्वांसमोर उंबरठा पुसायला लावीन.’

पाठवलं. समाधानानं पोटावर हात ठेवला. पाठोपाठ अंगठेच अंगठे आले. जिथं देखभाल शुल्क भरल्याबद्दलही कुणी कुणाला अंगठा दाखवत नाही, तिथं हा पाऊस.

वासंतीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “हे काय लिहिलंत?”

“वाचलंस? उल्काताईंच्या दारात कोणीतरी करणी केलीय.”

“कोणीतरी नाही. चष्मा लावा.”

त्यांनी चष्मा लावला. फोटो मोठा केला. हस्तिदंती फरशी ओळखीचं हसली.

श्यामसुंदररावांच्या चेहऱ्यावरचा रंग आधी राखाडी झाला, मग हस्तिदंती. मजकूर पुसून टाकावा म्हणून त्यांनी तो दाबून धरला, पण तोवर इतके लोक वाचून गेले होते, की पुसला असता तर ‘सरांनी का पुसलं’ यावर नवी चर्चा पेटली असती. तेवढ्यात उल्काताईंचं उत्तर आलं: ‘सर, तुम्हीच या. त्या वाट्यांखाली काय आहे ते बघायची आमची कुणाची हिंमत नाही. तुम्ही घाबरत नाही. वाटी तुम्ही उचला.’

“जा,” वासंतीबाई म्हणाल्या. “आणि सरळ सांगून टाका.”

“सांगतो ना. योग्य क्षण बघून सांगतो.”

पॅसेजमध्ये निम्मी सोसायटी जमली होती. फरशांपासून सगळे हातभर लांब. अगदी पुढं तळमजल्यावरच्या इंदुबाई. सोसायटीत कुठल्याही अनिष्ट गोष्टीचा अर्थ लावायचं काम त्यांच्याकडे असे. त्या अक्षरांकडे बघत पुटपुटत होत्या, “ह, लिं, ति, मो. ह, लिं, ति, मो. चार वेळा आलंय. हे साधंसुधं नाही.”

“पण अर्थ काय हो?” उल्काताईंचा आवाज चिरकला.

“बाकीचं नाही लागत मला. पण ‘मो’ म्हणजे मोरेश्वर.”

दारातून मोरेश्वरराव शिंकले. तिखटाचा ढीग त्यांच्या उंबऱ्यापासून वीतभर अंतरावर होता, आणि ते शिंकतच राहिले. उल्काताईंनी त्यांना आत ढकललं आणि दार अर्धं लोटून घेतलं.

श्यामसुंदरराव घसा खाकरत पुढं आले. योग्य क्षण हाच होता, हे त्यांनाही कळत होतं. पण निम्मी सोसायटी त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघत होती, तशा नजरेनं त्यांच्याकडे कुणी वर्गातही कधी पाहिलं नव्हतं. तिला तडा कसा द्यायचा? त्यापेक्षा वाटी उचलावी, आत नुसती हळद निघेल, सगळे हसतील, आणि त्या हशात सांगून टाकावं. सुटसुटीत.

“बघा,” ते म्हणाले, “भीती ही झाकलेल्या वस्तूची असते. झाकण काढलं की भीती संपते.”

आणि त्यांनी हस्तिदंती फरशीवरची वाटी उचलली.

वाटीखाली रक्त होतं.

लालभडक, ओलं, चकाकणारं, ताजं. इंदुबाई मागच्या माणसाच्या पायावर पडल्या. तो त्याच्या मागच्याच्या. उल्काताईंनी दाराची कडी घट्ट धरली. आणि या सगळ्याहून मोठा आवाज झाला तो वाटीचा, कारण ती श्यामसुंदररावांच्या हातातून सुटली आणि जिन्यावरून ठणठणत थेट तळमजल्यापर्यंत गेली. श्यामसुंदररावांचा उजवा हात छातीवर गेला. डोळे मिटले. आणि ज्या तोंडानं त्यांनी हयातभर देवळाच्या पायऱ्यांवर व्याख्यानं दिली होती, त्या तोंडून स्पष्ट, खणखणीत, सर्वांना ऐकू जाईल असं बाहेर पडलं, “राम राम राम राम.”

“सरसुद्धा घाबरले,” इंदुबाई कुजबुजल्या. “म्हणजे खरंच आहे.”

श्यामसुंदररावांनी डोळे उघडले. लाल रंगाकडे पाहिलं. आणि तेव्हा, चपला पायात घालून झाल्यावर काटा टोचावा तसं, त्यांना आठवलं. हळदीला अल्क, म्हणजे चुन्यासारखा पदार्थ, लागला की ती लाल होते. सिमेंट अल्कधर्मी असतं. फरशीवर थापीची साय राहिली होती. कोरड्या फडक्यानं ती जात नाही. हा प्रयोग ते दर वर्षी पहिल्या आठवड्यात करून दाखवत आणि मुलं ‘ओ’ करत. आज स्वतः ‘राम राम’ केलं होतं.

आता सांगणं अगदी सोपं होतं. ही हळद आहे, तिच्यात सिमेंट मिसळलंय. पण त्यापुढचा प्रश्न सोसायटीतलं शेंबडं पोरही विचारेल: या इमारतीत सिमेंटचं काम कुणाकडे चालू आहे? विज्ञान वाचवायचं तर आपण अडकतो, आणि आपण वाचायचं तर विज्ञान अडकतं. श्यामसुंदररावांनी पाऊल मागं घेतलं. म्हणजे विज्ञानाचं.

“गूढ आहे,” ते म्हणाले.

हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वापरला होता. तो दाताला लागला.

“गूढ कसलं?” उल्काताई एकदम कडाडल्या. “बाहेरची माणसं बिल्डिंगमध्ये फिरतात, कोण कुठला पत्ता नाही. तो तुमच्याकडचा गवंडी कोण? सकाळपासून वर-खाली करतोय. आमच्या दाराकडे बघत होता म्हणे.”

आगट्यांच्या दारात, हातात थापी, केसांवर सिमेंट, असा संभाजी उभा होता. “ताई, मी लिफ्ट कुठंय ते बघत होतो.”

“याला आजपासून गेटातून आत घेऊ नका,” कोणीतरी म्हणालं. “पोलिसात द्या,” दुसरा म्हणाला.

संभाजीनं थापी पिशवीत टाकली. मग ओळंबा टाकला. मग पिशवीचं तोंड बांधायला लागला. श्यामसुंदररावांनी मागं पाहिलं. संभाजीच्या मागं वासंतीबाई उभ्या होत्या. त्या नवऱ्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत पांढऱ्या फरशीची सगळी वर्षं होती.

“थांब रे,” श्यामसुंदरराव म्हणाले. “हे मी केलंय.”

आत मोरेश्वररावांची शिंक अर्ध्यावर थांबली.

“तुम्ही?” उल्काताई. “कशासाठी?”

“स्वयंपाकघरासाठी.”

“स्वयंपाकघरासाठी करणी?” इंदुबाईंनी कानावर हात ठेवले.

“करणी नाही हो. परीक्षा. ह म्हणजे हळद. लिं म्हणजे लिंबू. ति म्हणजे तिखट. मो म्हणजे मोहरी, मोरेश्वररावांचा काही संबंध नाही. आणि हे रक्त नाही, हळदीला सिमेंट लागलंय.”

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एक जण भारावून म्हणाला, “गवंड्याला वाचवायला बघा सर स्वतःवर घेतायत.”

“नाही, खरंच मी.”

“फार मोठं मन.”

“अहो, मन नाही, मी केलंय.”

“सर, तुम्ही प्रत्येक गोष्टीला विज्ञान लावता,” उल्काताई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच माया होती. “पण आता पुरे. तुम्ही स्वतः राम राम म्हणालात. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. हळदीला कुणी राम राम म्हणतं का?”

पहिल्यांदाच सगळी सोसायटी त्यांना थोर मानत होती, आणि ते खोटं आहे हे कुणाला पटवता येत नव्हतं.

तेवढ्यात जिन्यावरून पावलं वाजली आणि हातात एक चेपलेली स्टीलची वाटी घेऊन अकबरभाई शिकलगार वर आले. गर्दी बघून त्यांनी अदबीनं वाट काढली.

“सर, ही वाटी तुमची का? माझ्या डोक्यावरून गेली. नमुने न्यायला आलोय.” मग त्यांची नजर खाली गेली. ते उकिडवे बसले. हस्तिदंती फरशी दोन बोटांनी उचलून त्यांनी उलटसुलट केली. “सर, या बिचारीनं तुमचं काय घोडं मारलं होतं?”

“ही तुमची फरशी?” उल्काताईंनी विचारलं.

“माझ्याच दुकानातली. चारही. सरांनी परीक्षेला आणल्या होत्या. मला वाटलं तोंडी असेल.”

उल्काताईंनी सावकाश फोन उघडला. सावकाश चष्मा लावला. आणि प्रत्येक शब्द सुटा करून वाचलं, “‘त्याला मेंदू नाही, आणि असलाच तर तो वापरात नाही.’ सर, हे कोणाबद्दल होतं?”

“माझ्याबद्दल,” श्यामसुंदरराव म्हणाले.

आत मोरेश्वरराव शिंकले.

“पुढं उंबरठा पुसण्याचं काहीतरी आहे,” उल्काताई म्हणाल्या. “ओलं फडकं देऊ?”

त्यांनी पुसला. पाहणाऱ्यांपैकी एकही जण लवकर घरी गेला नाही. तिखट पुसताना तेही शिंकले. वासंतीबाई शेजारी बसून एकेक फरशी धुऊन पाहत होत्या. राखाडीवर लिंबाचा डाग राहिला. संगमरवरी नक्षीच्या फरशीवर हळद बसली ती बसलीच. हस्तिदंतीबद्दल बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. विटकरीवर मात्र काय कुठं पडलं होतं, तेच कळेना.

“मोहरीसुद्धा दिसत नाही हिच्यावर,” श्यामसुंदरराव शेवटचा मुद्दा म्हणून पुटपुटले.

“मला दिसली नाही म्हणजे पाहुण्यांनाही दिसणार नाही,” वासंतीबाई म्हणाल्या. “अकबरभाई, ही. संभाजी, पिशवी सोड.”

संभाजीनं पिशवीची गाठ सोडली. दोन-तीन जणांनी त्याच्याकडे न बघता ‘आमच्याही बाथरूमचं काम आहे’ असं सांगितलं आणि खाली गेले.

वासंतीबाईंनी सगळ्यांसाठी हॉलमध्ये पोहे टाकले. अकबरभाई सोफ्यावर, संभाजी पाटावर, आणि श्यामसुंदरराव जिथं जागा मिळेल तिथं. पोहे वाफेवर आले तशा वासंतीबाई थांबल्या. “अहो, लिंबू नाही. तुमच्या विज्ञानानं संपवलं. समोर मागून आणा.”

“समोर? आत्ता?”

“मग काय विटकरी पिळू?”

श्यामसुंदररावांनी पॅसेज ओलांडला. उल्काताईंच्या दारावर तेवढ्या वेळात ताजी लिंबू-मिरची लटकू लागली होती. लिंबू चांगलं टपोरं होतं. ते नेमकं त्यांच्या नाकासमोर येत होतं, म्हणून त्यांनी मान थोडी बाजूला घेतली आणि बेल वाजवली.

दार उघडलं. “आता काय, सर?”

“नमस्कार,” श्यामसुंदरराव म्हणाले, आणि या वेळी त्यांनी हात जोडले. “एखादं लिंबू मिळेल का? मिरच्या नकोत.”